चिप्स हातात आल्यावर

२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर देशात बंदी आली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या जुन्या वादाला कायद्याने हातच लावला नाही. पैसे लागले की बंदी, एवढाच हिशेब. पुढच्या काही दिवसांत पोकरच्या अ‍ॅप्सनी पैशांची टेबलं बंद केली आणि रात्र रात्र मोबाइलवर डाव मांडणाऱ्यांच्या हाती मोकळा स्क्रीन उरला.

कायद्याच्या चौकटीत राहून पैशाचा पोकर खेळायचा, तर आता प्रत्यक्ष टेबलावर बसण्याला पर्याय नाही, आणि अशा जागा देशात मोजक्याच आहेत. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा झाला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे मराठी खेळाडूची वाट ठरलेली: पणजीचा धक्का, तिथून छोटी बोट आणि मांडवीत नांगरलेलं कॅसिनोचं जहाज. (खुद्द गोवेकरांना मात्र २०२० पासून या कॅसिनोंत खेळायला मनाई आहे.)

अमेरिकेत हे आधी घडून गेलं आहे. १५ एप्रिल २०११ रोजी तिथल्या सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अब्सोल्यूट पोकर या तीन बड्या साइट्सवर कारवाई केली आणि घरबसल्या खेळणाऱ्यांपुढे दोनच रस्ते उरले: देश सोडा किंवा कॅसिनोत जा. जे कॅसिनोत गेले, त्यांतल्या अनेकांना एक गोष्ट नव्याने कळली. डाव तोच, पत्ते तेच, पण हात थरथरतात.

पोकर ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सास होल्डेम’ प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि पाच पत्ते टप्प्याटप्प्याने सगळ्यांसाठी मध्यभागी उघडले जातात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून बाहेर पडायचं. तीन पत्तीसारखंच इथेही पत्ते फालतू असताना नुसत्या आवेशावर समोरच्याला पळवून लावता येतं. म्हणजे मुळातच खेळ लपवण्याचा. स्क्रीनवर हे लपवणं आयतं मिळतं. खेळाडू घरी बनियनवर बसलाय की घामाघूम झालाय, पलीकडच्याला काहीच दिसत नाही.

टेबलावर आठ-नऊ जण समोरासमोर असतात, म्हणून भीती ‘चेहरा वाचला जाईल’ याचीच, असा सर्वसाधारण समज. त्यासाठीच काळे गॉगल, डोळ्यांवर ओढलेल्या टोप्या, हुडी. पण मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१३ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन वेगळंच सांगतं. २००९ च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मधल्या चित्रफितींचे छोटे तुकडे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले आणि खेळाडूचे पत्ते किती चांगले असतील, याचा अंदाज करायला सांगितला. फक्त चेहरा पाहिलेल्यांचे अंदाज नाणं उडवून केल्यापेक्षाही वाईट निघाले. फक्त हात पाहिलेल्यांचे त्याहून बरे. ज्याचे पत्ते चांगले, त्याचा चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) सरकवणारा हात सहज आणि सफाईने फिरत होता. थोडक्यात, चेहऱ्याने खोटं बोलण्याची सवय सगळ्यांनाच असते. कोपरापासून बोटांपर्यंतचा भाग मात्र सहसा कुणी शिकवून तयार केलेला नसतो.

ऑनलाइन खेळाडूची पंचाईत इथेच सुरू होते, कारण त्याच्या हातांनी आजवर काही केलेलंच नसतं. स्क्रीनवर संगणक पॉटची, म्हणजे डावात जमलेल्या पैशांची, बेरीज करतो, कोणाची पाळी ते दाखवतो, किमान किती लावायचं ते सांगतो, पाळीआधी बटण दाबूच देत नाही. नेहमी ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याला एकदम गिअरची गाडी देऊन घाटात सोडावं, तशी त्याची गत होते. पॉटमध्ये किती जमलं, ते मनात मोजायचं. समोरच्याकडे किती चिप्स उरल्या, ते नजरेने ताडायचं. स्वतःचे पत्ते शेजाऱ्याला न दाखवता, टेबलावरून न उचलता, ओंजळीच्या आड फक्त कोपरा वर करून पाहायचे.

आणि नियम. दोन नियमांत नवखा हमखास सापडतो. पहिला एका चिपचा. समोरच्याने दोनशे लावले. नवख्याला हजार करायचे आहेत, म्हणून तो हजाराची एकच चिप मुकाट्याने पुढे टाकतो. नियमाने ती दोनशेचीच बरोबरी धरली जाते आणि उरलेले आठशे परत येतात. तोंडाने आधी ‘रेज’ म्हटलं असतं, तर चाललं असतं. दुसरा नियम तुकड्यातुकड्याने चिप्स टाकण्याचा. थोड्या पुढे सरकवल्या आणि बाकीच्या आणायला हात मागे गेला, की पहिल्या खेपेचीच रक्कम धरतात. कारण सरळ आहे: दुसऱ्या खेपेआधी समोरच्याचा चेहरा बघून रक्कम बदलता येऊ नये. पत्ते वाटणारा डीलर हे शांतपणे सांगतो, पण टेबलावरचे सगळे वळून बघतात आणि नवख्याला कानशिलं तापल्याची जाणीव होते. पुढचे तीन डाव त्या शरमेतच निघून जातात.

या दोन्हींवर उपाय एकच आणि अगदी साधा: चिप्स हलवण्याआधी आकडा मोठ्याने बोलायचा. बोललेला शब्द बंधनकारक असतो, मग हात काही का करेनात. त्याआधी घरच्या जेवणाच्या टेबलावर चिप्सचा स्वस्तातला संच घेऊन आठवडाभर नुसते ढीग रचणं, मोजणं, सरकवणं. ऐकायला पोरकट वाटतं, पण ‘मन खंबीर ठेवा’ छापाच्या दहा सल्ल्यांपेक्षा हे उपयोगी. हाताला काम ठाऊक असलं, की डोक्याला डावाकडे बघायला फुरसत मिळते.

थरथर मात्र सरावानेही पूर्ण जात नाही. मोठा पॉट समोर आला, की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी धावते, तोंडाला कोरड पडते, बोटं हलू लागतात. पोकरचे अभ्यासक माइक कॅरो यांनी १९८४ मध्ये देहबोलीवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नवख्यांचा एक गोड गैरसमज खोडून काढला. पैसे लावताना एकाएकी थरथरणारा हात थापेबाजाचा नसतो. बहुधा तो फार चांगले पत्ते लागलेल्याचा असतो. थाप मारणारा स्वतःला आवळून धरतो, जिंकण्याची खात्री असलेल्याचा ताण मोकळा होतो. म्हणजे ज्या थरथरीची नवख्याला लाज वाटते, तिचा अर्थ समोरचे भलताच लावून पत्ते टाकण्याचीही शक्यता असते. अर्थात, हात पहिल्या डावापासूनच कापत असेल, तर मुरलेले खेळाडू त्यातून काहीच अर्थ काढत नाहीत.

‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावण्याचाही फारसा उपयोग नसतो. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कराओकेवर गायला लावलं, भाषण करायला लावलं, गणितं घातली. ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. छातीत धडधड दोन्हींत सारखीच. धडधड थांबवण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं जातं.

क्रिस मनीमेकरला यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. अमेरिकेतल्या टेनेसीचा हा सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून २००३ च्या ‘वर्ल्ड सिरीज’च्या मुख्य स्पर्धेत पोचला. प्रवेश फी दहा हजार डॉलर, खेळाडू ८३९ आणि लास व्हेगासमधली ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच प्रत्यक्ष स्पर्धा. शेवटी उरले दोघे: तो आणि लेबनॉनमध्ये जन्मलेला मुरब्बी व्यावसायिक सॅमी फराह. एका डावात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती होती. मध्यभागी इस्पिकची तीन पानं आली, पण शेवटचं पान बदामाची तिर्री पडलं आणि त्याचा डाव फसला. फराहकडे नव्व्यांची जोडी. मनीमेकरने होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे लोटल्या आणि गॉगलआड दगडासारखा बसून राहिला. फराह बोलून बोलून त्याला चाचपत होता. अखेर फराहने पत्ते टाकले. थोड्या वेळात मनीमेकर २५ लाख डॉलरचा विजेता झाला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत २,५७६ खेळाडू आले. त्यांतल्या कितीतरी जणांना वाटलं असेल, आपण कुठे कमी आहोत!

नॉर्वेची अ‍ॅनेट ओब्रेस्ताद तर आणखी वेगळी. २००७ मध्ये १८० जणांची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा तिने स्वतःचे पत्ते झाकून जिंकली. एकदाच काय ते डोकावून पाहिलं. कोण कधी किती लावतो, एवढ्यावरच तिचं सगळं लक्ष. त्याच वर्षी लंडनमध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने ‘वर्ल्ड सिरीज युरोप’ची मुख्य स्पर्धा आणि दहा लाख पौंड जिंकले. लास व्हेगासच्या कॅसिनोत ती तेव्हा खेळूही शकत नव्हती, कारण तिथे वयाची अट २१ ची.

मनीमेकर आणि ओब्रेस्ताद हे अपवाद आहेत. सामान्य माणसाच्या जवळची गोष्ट मारिया कॉनिकोव्हाची. कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली ही लेखिका शून्यापासून पोकर शिकली, तेही एरिक सायडेलसारख्या दिग्गजाकडून. न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन पैशाच्या पोकरला परवानगी नाही, म्हणून ती नदीपलीकडे न्यू जर्सीत जाऊन कॉफीच्या दुकानात लॅपटॉप उघडून बसे. मग लास व्हेगासच्या लहानसहान स्पर्धा. तिथे तिला स्वतःबद्दल जे कळलं, ते लॅपटॉपवर कधी कळलंच नसतं: टेबलावर बहुतेक पुरुष, त्यांनी दमात घेतलं की आपण चांगले पत्तेही टाकून देतो, कारण वाईट दिसू नये असं वाटतं. तिची अडचण ‘लोक काय म्हणतील’ ही होती. पत्ते तिला समजतच होते. या मुळावर तिने मानसिक प्रशिक्षकासोबत काम केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये बहामाजमधली एक स्पर्धा जिंकून ८४,६०० डॉलर मिळवले.

‘सगळे माझ्याकडेच बघताहेत’ ही भावना मोठी असते, खरी थोडीच. थॉमस गिलोविच यांनी कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्यांनी तरी तो पाहिला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आला. पोकरच्या टेबलावर तर अर्धे लोक फोनमध्येच असतात.

ते फोनमध्ये असतात, कारण वेळ जात नाही. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात आणि सराईत खेळाडू एका वेळी चार टेबलं उघडतो. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस. पाचातला एक डाव खेळायचा म्हटलं, तर दहा-दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं. भीती ओसरली, की हा कंटाळा गाठतो आणि कंटाळलेला माणूस नको ते पत्ते घेऊन डावात उतरतो. त्या रिकाम्या वेळात इतरांचे हात बघावेत, हे उत्तम. कोण पाळी यायच्या आत पत्ते टाकायला उचलतो, कोण चिप्स हळूच ठेवतो आणि कोण आपटतो.

पहिल्या बैठकीला मी नवा आहे, असं डीलरला सांगण्यात काही कमीपणा नाही. सर्वांत कमी रकमेचं टेबल घ्यावं आणि बोटीत चढण्याआधीच, आज एवढेच गेले तर चालतील, हा आकडा पक्का करावा. पोकरमध्ये कौशल्य आहे हे खरं, पण एका रात्रीत पत्ते कुणाचंच ऐकत नाहीत आणि कॅसिनो आपला वाटा घेतोच. ऑनलाइन खात्यात पैसे भरायला एक टिचकी पुरायची. इथे सगळ्यांदेखत खिशातून नोटा काढाव्या लागतात. या संकोचाने बऱ्याच जणांचे पैसे वाचले असतील. उलटा संकोच मात्र महागात पडतो. जिंकत असताना उठलो तर लोक नाराज होतील, म्हणून माणूस बसून राहतो आणि पहाटेपर्यंत सगळं परत देऊन बसतो. कॅश गेममध्ये, म्हणजे स्पर्धा नसलेल्या थेट पैशांच्या खेळात, कुणीही कधीही उठू शकतो, तसा नियमच आहे. डीलरकडे रॅक मागायचा, त्यात चिप्स भरायच्या आणि कॅशियरच्या खिडकीकडे चालू पडायचं.