दुर्लक्षित बंदूक, स्थिर हात

रात्रीची जेवणे उरकली, की बुलढाण्यातल्या अनेक घरांत मोबाईल आडवा धरला जातो. चौघांच्या स्क्वॉडमधला एक चिखलीत असतो, दुसरा खामगावात, तिसरा शिकायला पुण्याला गेलेला. 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' अर्थात बीजीएमआय या खेळात विमानातून उडी मारली, की पहिली धावपळ बंदुकीसाठी. एम-४१६ किंवा एकेएम सापडली तर आनंदीआनंद; यूएमपी-४५ हाती आली तर 'ही कशाला उचलली?' असा टोमणा ठरलेला. पण याच बंदुकीने एखादा मुलगा एकामागून एक सामने काढू लागला, की बाकीचे त्याला नशीबवान म्हणून मोकळे होतात. नशिबाचा वाटा असतोच. मात्र बऱ्याचदा त्यामागे डोळे, अंगठा आणि मेंदू यांचे साधे शास्त्र असते.

कागदावरचा मार आणि प्रत्यक्षातला

खेळाडू बंदूक निवडताना एका गोळीचा मार किती, हे आधी पाहतात. प्रतिस्पर्धी पडतो तो मात्र लागलेल्या गोळ्यांनी. सुटलेल्या गोळ्यांनी नव्हे. समजा, एका बंदुकीच्या गोळीचा मार ५० आहे आणि दुसरीचा ४०. पहिलीला धक्का, म्हणजे रिकॉइल, जास्त असल्याने दहापैकी चारच गोळ्या लागल्या, तर एकूण मार झाला २००. दुसरी हातात स्थिर राहिली आणि दहापैकी सात गोळ्या लागल्या, तर मार २८०. कागदावर दुबळी असलेली बंदूक प्रत्यक्षात भारी ठरली. यूएमपीचे बलस्थान हेच आहे. तिच्या गोळ्या तुलनेने सावकाश सुटतात, लांबवर तिचा जोर कमी पडतो. पण जवळच्या आणि मध्यम अंतरावर ती फारशी उसळत नाही.

याला मानवी शरीराची एक मर्यादा कारणीभूत आहे. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला निरोगी तरुणालाही साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला दहा गोळ्या सोडणारी बंदूक असेल, तर नेम वर सरकल्याचे मेंदूला कळून अंगठा खाली ओढला जाईपर्यंत दोन-तीन गोळ्या निघून गेलेल्या असतात. म्हणजे धक्का बघून सावरता येत नाही. तो आधीच ओळखून सावरावा लागतो. त्यासाठी अंगठ्याला त्या एका बंदुकीची चाल पाठ असावी लागते. रोज नवी बंदूक आणि दर आठवड्याला नवी सेन्सिटिव्हिटी बदलणाऱ्याची ही चाल कधीच पाठ होत नाही. विकत घेतलेल्या रंगीत स्किनने तर मार वाढतच नाही. वाढतो तो फक्त खर्च.

बुलढाण्याचे धनुष्य

दुर्लक्षित शस्त्र आणि स्थिर हात यांची खरीखुरी जोडी पाहायची असेल, तर बुलढाणेकरांना दूर जायला नको. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा पदकाचा मान मिळाला. बीजीएमआयचेच भावंड असलेला पब्जी मोबाईल त्यात होता. फक्त तिथे खेळाडूंनी एकमेकांवर नव्हे, तर लक्ष्यफलकांवर गोळ्या झाडायच्या होत्या. त्याच हांगझोऊत ५ ऑक्टोबरला पुरुषांच्या कंपाउंड तिरंदाजीत भारताने दक्षिण कोरियाला २३५-२३० असे हरवून सांघिक सुवर्ण जिंकले. अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत त्या संघात होता बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. त्याच वर्षी मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने नेदरलँड्सच्या माईक श्लोसर या तेव्हाच्या अव्वल खेळाडूला १४९-१४८ अशा एका गुणाने हरवले होते.

कंपाउंड धनुष्याला तिरंदाजीत दीर्घकाळ दुय्यम मानले गेले. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांनी ते तयार केले आणि १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ऑलिम्पिकमध्ये मात्र रिकर्व्ह धनुष्यच राहिले. कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा दिसेल. 'चाके लावलेले धनुष्य, त्यात कसब ते काय,' असे म्हणणारेही होते.

त्या चाकांचे काम समजले, की शंका फिटते. रिकर्व्हची दोरी जितकी मागे ओढावी तितकी जड होत जाते. कंपाउंडमध्ये दोरी पूर्ण ओढल्यावर चाके बहुतेक भार स्वतःवर घेतात. ओढताना सुमारे २७ किलोचा जोर लागत असेल आणि चाकांनी तीन चतुर्थांश भार उचलला, तर हातावर उरतो जेमतेम सात किलो. स्नायूंची थरथर कमी होते आणि नेम धरायला वेळ मिळतो. पण ही सवलत सर्वांनाच मिळत असल्याने चुकीला जागा उरत नाही. ५० मीटरवरून आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात १५ बाण मारायचे आणि १५० पैकी १४८ गुण मिळवूनही हरायचे, असा हा खेळ आहे. इथे जोरापेक्षा श्वास, लय आणि एकसारखेपणा महत्त्वाचा ठरतो. कमी धक्क्याच्या बंदुकीचेही असेच आहे. ती नेम लावून देत नाही. नेम लावायला थोडी उसंत देते.

समोरच्याला सवय नसते

ऑनलाइन खेळात आणखी एक फायदा मिळतो, जो तिरंदाजीत नाही. तिथे समोर हलणारा, विचार करणारा माणूस असतो. सगळे जण ज्या बंदुकीने खेळतात, तिचा आवाज, वेग आणि पल्ला सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो. वेगळी बंदूक समोर आली, की हा अंदाज चुकतो. क्रिकेटमध्ये डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचा असाच फायदा होतो. श्रीरामपूरच्या झहीर खानसमोर खेळताना फलंदाजांना वेगळ्या कोनातून येणारा चेंडू वाचावा लागे, आणि तशा चेंडूंची सवय त्यांना कमी असे. जर्मन संशोधक फ्लोरियान लॉफिंग यांनी २०१७ मध्ये अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. ज्या खेळांत प्रतिसादाला वेळ अत्यंत कमी मिळतो, अशा क्रिकेट, बेसबॉल आणि टेबल टेनिसमध्ये डावखुऱ्यांचे प्रमाण जास्त आढळले.

अर्थात, हा फायदा दुर्मीळपणाचा आहे. उद्या सगळ्यांनीच यूएमपी उचलली, तर तो संपेल. मोकळ्या माळावर दूरच्या शत्रूशी गाठ पडली, तर ती आजही तोकडीच पडते. म्हणून असे खेळाडू घरांच्या आडोशाने, जवळच्या अंतरावर लढाई ओढून आणतात. शस्त्राची उणीव ओळखणे हाही कौशल्याचा भाग आहे.

किती खेळावे, कसे खेळावे

जास्त तास खेळले म्हणजे हात जास्त बसतो, हा समज अर्धाच खरा आहे. १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हातांच्या हालचालींवर प्रयोग केला. एकच हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे दिसले. पण काही दिवसांनी चाचणी घेतली, तेव्हा हालचाली आलटून पालटून शिकलेले सरस ठरले. याचा अर्थ बंदूक एकच ठेवावी, पण अंतर, आडोसा, उभे राहणे आणि बसणे बदलत राहावे.

दुसरा प्रयोग झोपेचा. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांना असे दिसले, की बोटांची एक क्रिया शिकून रात्रभर झोपलेल्यांचा वेग अधिक सराव न करताही सुमारे २० टक्क्यांनी वाढला. अंगठ्याची चाल मेंदूत पक्की होते ती झोपेत. रात्री दोनपर्यंत रँक वाढवत बसणारा मुलगा सकाळचा वर्ग तर बुडवतोच, शिवाय रात्रीचा सरावही वाया घालवतो.

शरीराचे इशारेही ओळखायला हवेत. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखणे हे तिथल्या स्नायुबंधांवर ताण पडल्याचे लक्षण असते. दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहिले, तर डोळ्यांना विसावा मिळतो. २०२३ मध्ये बीजीएमआय पुन्हा सुरू झाला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. वडिलांच्या नावाच्या खात्यावरून खेळणाऱ्या मुलाला ती लागू पडत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

खेळ आवडणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०२२ पासून लागू झालेला 'गेमिंग डिसऑर्डर' वेगळा. खेळावरचा ताबा सुटणे, जेवण, अभ्यास आणि नातीगोती मागे पडणे, नुकसान दिसूनही थांबता न येणे आणि हे साधारण वर्षभर चालू राहणे, अशी त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी मोबाईल हिसकावून घेतल्याने बहुधा भांडणच वाढते. 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, तोही मराठीतून.

बाकीच्यांनी आज रात्री एवढे करून पाहावे. एकच बंदूक घ्यावी, अर्धा तास सराव मैदानावर अंतरे बदलत नेम धरावा, दोन सामने खेळावेत आणि अकराच्या आत झोपावे. आठवडाभराने किती गोळ्या लागतात, ते मोजावे.