नोकरीच्या अर्जातले अडणारे शब्द

घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि राज्य सरकारच्या नोकरीचा अर्ज मात्र कार्यालयीन हिंदीत! इंदूरच्या आपल्या मुलामुलींची ही नेहमीची अडचण. मंडळात अर्ज भरायला येणारी मुले ज्या शब्दांवर हमखास थांबतात, ते येथे देत आहोत.

‘संविदा’ म्हणजे कंत्राटी नेमणूक. ‘अनापत्ति प्रमाण पत्र’ म्हणजे आपला ना हरकत दाखला. आधीपासून सरकारी नोकरीत असणाऱ्यांकडून तो मागतात. ‘निरंक’ म्हणजे त्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नाही. ‘जीवित पंजीयन’ वाचून हसू येते. पण त्याचा अर्थ एवढाच, की रोजगार कार्यालयातील तुमची नोंदणी मुदतीत असावी. मुदत संपली असेल, तर आधी नूतनीकरण करा.

खरी चूक होते ती ‘वर्ग’ या रकान्यात. मागासवर्गीयांची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते. आजोबांचा महाराष्ट्रातला जातीचा दाखला जपून ठेवला असला, तरी मध्य प्रदेशच्या नोकरीत त्यावर राखीव जागा मिळत नाही. ‘आर्थिक रूप से कमजोर वर्ग’ हा पर्यायही सरसकट सर्वांसाठी नाही. जे इतर कोणत्याही आरक्षणात येत नाहीत आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी आहे, त्यांच्यासाठीच तो आहे. शिवाय मालमत्तेच्या अटी आहेतच.

म्हणून कोणताही रकाना अंदाजाने भरू नका. जाहिरात आणि दाखले घेऊन मंडळात या, सोबत बसून भरू.