सशर्त निवास आणि कायम निवास : अमेरिकी नागरिकांच्या स्थलांतरित जोडीदारांच्या कायदेशीर दर्जाचे विश्लेषण

प्रस्तावना :

अमेरिकेच्या नागरिकाशी विवाह करणाऱ्या परदेशी व्यक्तीस त्या देशात कायम वास्तव्याचा हक्क मिळतो, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज स्थूलमानाने बरोबर असला तरी अपुरा आहे. कारण विवाहाच्या आधारे मिळणारा निवासाचा दर्जा दोन प्रकारचा असतो. एक कायम आणि दुसरा सशर्त. दोन्ही दर्जांच्या व्यक्तींना सामान्य व्यवहारात ‘ग्रीन कार्डधारक’ असेच म्हटले जाते. त्यामुळे त्यांतील भेद अनेकदा लक्षात येत नाही. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या मुली व मुले विवाहानंतर अमेरिकेत स्थायिक होतात. या कुटुंबांच्या दृष्टीने हा भेद केवळ तांत्रिक नाही. विवाहात तणाव निर्माण झाल्यास स्थलांतरित जोडीदाराचे भवितव्य पुष्कळदा यावरच ठरते. प्रस्तुत लेखात या दोन दर्जांचा उगम, निकष आणि परिणाम यांचे विवेचन केले आहे.

कायद्याची पार्श्वभूमी :

१९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यानुसार अमेरिकी नागरिकाचा पती किंवा पत्नी ‘निकटचे नातेवाईक’ या वर्गात मोडते. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. इतर वर्गांतील भारतीयांना वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागत असताना विवाहाचा मार्ग मात्र तुलनेने जवळचा ठरतो. या सवलतीचा गैरवापर होण्याची शंका जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या परदेशी पत्नींसाठी झालेल्या कायद्याचा लाभ घेण्यासाठी करण्यात आलेल्या नाममात्र विवाहांचे प्रकरण १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते.

१९८० च्या दशकात ही शंका तीव्र झाली. अशा विवाहांपैकी सुमारे ३० टक्के विवाह संशयास्पद असल्याचा अंदाज तत्कालीन स्थलांतर व नागरिकीकरण सेवेने अमेरिकी संसदेसमोर मांडला. त्यातून १९८६ मध्ये स्थलांतर विवाह फसवणूक दुरुस्ती कायदा संमत झाला आणि ‘सशर्त निवास’ ही संकल्पना विवाहाधारित स्थलांतराच्या क्षेत्रात आली. पुढे न्यायालयीन वादात उपरोक्त अंदाजाचा सांख्यिकीय पाया कच्चा असल्याचे उघड झाले. परंतु त्यावर उभारलेली व्यवस्था कायम राहिली.

दर्जा ठरविणारा निकष :

कोणता दर्जा मिळणार, हे विवाहाच्या वयावर अवलंबून असते. निवासाचा दर्जा प्रत्यक्ष प्राप्त होण्याच्या दिवशी विवाहास दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर निवास सशर्त असतो. झाली असतील तर तो प्रथमपासूनच कायम असतो. येथे अर्ज दाखल केल्याची तारीख किंवा मुलाखतीची तारीख गृहीत धरली जात नाही. परदेशातून येणाऱ्याच्या बाबतीत अमेरिकेत प्रवेशाचा दिवस आणि अमेरिकेतच दर्जा बदलून घेणाऱ्याच्या बाबतीत अर्ज मंजुरीचा दिवस निर्णायक ठरतो.

उदाहरणार्थ, १० मे २०२२ रोजी पुण्यात विवाह झालेली स्त्री २ मे २०२४ रोजी अमेरिकेत दाखल झाली, तर ती सशर्त निवासी ठरेल. तीच १२ मे रोजी दाखल झाली, तर कायम निवासी ठरेल. तिच्या व्हिसावर सशर्त वर्गाची ‘सीआर-१’ ही खूण असली, तरी दुसऱ्या वाढदिवसानंतर प्रवेश करताना तिची नोंद ‘आयआर-१’ या कायम वर्गात व्हावयास हवी. अशा वेळी विमानतळावरील नोंद तपासून घेणे अगत्याचे असते.

साम्य आणि भेद :

सशर्त निवासी व्यक्तीचे हक्क कमी असतात, हा एक गैरसमज आहे. नोकरी, शिक्षण, प्रवास आणि राज्या-राज्यांतील वास्तव्य या बाबतींत दोन्ही दर्जे समान आहेत. नागरिकत्वासाठी लागणाऱ्या निवासाच्या कालावधीतही सशर्त काळ मोजला जातो. नागरिक जोडीदारासोबत वैवाहिक सहजीवनात तीन वर्षे राहिलेल्या व्यक्तीस, नेहमीच्या पाच वर्षांऐवजी तीन वर्षांनंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

खरा भेद दर्जाच्या टिकाऊपणात आहे. कायम निवासी व्यक्तीचे कार्ड सामान्यतः दहा वर्षांचे असते. त्याची मुदत संपली म्हणजे केवळ कार्डाचे नूतनीकरण करावयाचे असते; दर्जा अबाधित राहतो. सशर्त निवासी व्यक्तीचे कार्ड दोन वर्षांचे असते आणि मुदतीअखेर शर्त काढून टाकण्याचा अर्ज न केल्यास मूळ दर्जाच संपुष्टात येतो. कायम निवासी व्यक्तीचा नंतर घटस्फोट झाला, तर केवळ त्या कारणाने तिचा निवास जात नाही. सशर्त काळात विवाह कायदेशीररीत्या संपुष्टात येणे हे मात्र दर्जा रद्द करण्याचे एक कारण ठरू शकते.

शर्त काढून टाकण्याची प्रक्रिया :

दर्जा मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षपूर्तीपूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी ‘आय-७५१’ हा अर्ज संयुक्तपणे करावयाचा असतो. विवाह प्रामाणिक हेतूने झाल्याचे पुरावे त्यास जोडावे लागतात. संयुक्त प्राप्तिकर विवरण, सामाईक बँक खाते, घराचा भाडेकरार, विमा, अपत्याचा जन्मदाखला आणि परिचितांची प्रतिज्ञापत्रे असे त्यांचे स्वरूप असते. अर्जाची पोच हीच निर्णय होईपर्यंतच्या वास्तव्याचा पुरावा असते. २०२३ मध्ये तिच्याद्वारे मिळणारी मुदतवाढ ४८ महिन्यांची करण्यात आली.

पुराव्यांची ही कल्पना स्वतंत्र घर व सामाईक अर्थव्यवहार करणाऱ्या जोडप्यास अनुरूप आहे. भारतीय कुटुंबातील वास्तव पुष्कळदा निराळे असते. घर सासऱ्यांच्या नावे, खाते पतीच्या नावे आणि नववधू कमावती नसलेली, अशा परिस्थितीत संसार खरा असूनही कागद अपुरे पडतात. ठरवून केलेल्या विवाहात लग्नापूर्वीचा परिचय अल्प असतो, हीदेखील स्पष्टीकरण मागणारी बाब ठरू शकते. तथापि कायद्याची कसोटी परिचयाच्या कालावधीची नाही. विवाहाच्या वेळी एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू होता काय, हा निकष बार्क प्रकरणात १९७५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने सांगितला. नंतर पती-पत्नी विभक्त झाले, एवढ्यावरून विवाह बनावट ठरत नाही, असेही त्या निर्णयातून स्पष्ट होते.

सहीचे सामर्थ्य आणि कायद्याने दिलेली सूट :

संयुक्त अर्जासाठी नागरिक जोडीदाराची सही आवश्यक असते. येथेच या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक भाग आहे. सही नाकारण्याची धमकी हे छळाचे साधन होऊ शकते. फसवणूक रोखण्यासाठी योजलेली शर्त प्रामाणिकपणे विवाह केलेल्या स्त्रीस घरातील अत्याचार मुकाट्याने सोसावयास लावते, असा आक्षेप १९८६ च्या कायद्यावर लवकरच घेण्यात आला. मूळ कायद्यात घटस्फोटाच्या आधारे सूट हवी असल्यास घटस्फोटासाठी स्थलांतरित जोडीदारानेच पुढाकार घेतलेला असणे आणि त्यास सबळ कारण असणे आवश्यक होते. १९९० च्या स्थलांतर कायद्याने ही अट काढून टाकली आणि छळाच्या कारणास्तव स्वतंत्र सूट दिली.

आज संयुक्त सहीशिवाय अर्ज करण्याचे पुढील प्रमुख आधार आहेत :

१) विवाह प्रामाणिक हेतूने झाला होता, परंतु घटस्फोटाने तो संपुष्टात आला.
२) विवाह प्रामाणिक होता, परंतु जोडीदाराने मारहाण किंवा आत्यंतिक क्रूरता केली. यासाठी घटस्फोट होण्याची आवश्यकता नाही.
३) देशाबाहेर काढल्यास आत्यंतिक हालअपेष्टा होतील.
४) नागरिक जोडीदाराचा मृत्यू झाला आहे.

सुटीचा अर्ज ९० दिवसांच्या खिडकीची वाट न पाहता करता येतो. म्हणजेच सही न मिळणे हा दर्जाचा शेवट नव्हे. कोणताच अर्ज न करणे हे अधिक घातक होय. अर्ज न केल्यास दर्जा आपोआप संपतो आणि देशाबाहेर काढण्याची कार्यवाही सुरू होऊ शकते. याउलट, सशर्त काळात प्रायोजक जोडीदाराने आर्थिक आधाराच्या प्रतिज्ञापत्राद्वारे स्वीकारलेले दायित्व घटस्फोटाने संपत नाही, ही बाबही फारशी परिचित नाही.

भारतीय कायद्याशी येणारा संबंध :

सुटीसाठीचा घटस्फोट बहुधा अमेरिकी न्यायालयातून घेतला जातो. परंतु भारतात हिंदू विवाह कायद्यानुसार झालेल्या विवाहाबाबत परदेशी न्यायालयाचा हुकूमनामा भारतात आपोआप मान्य होत नाही. नरसिंह राव विरुद्ध व्यंकटलक्ष्मी या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये यासंबंधीची तत्त्वे स्पष्ट केली. ज्या कायद्यानुसार विवाह झाला, त्या कायद्यास मान्य असलेले अधिकारक्षेत्र आणि कारण हा सर्वसाधारण नियम आहे. दुसऱ्या पक्षाची संमती किंवा प्रत्यक्ष सहभाग यांसारखे अपवाद त्यास आहेत. परिणामी एकच स्त्री अमेरिकेत घटस्फोटित आणि भारतात विवाहित, अशा दुहेरी अवस्थेत सापडू शकते.

विवाहाच्या टिकाऊपणाची दोन वर्षांची कसोटी भारतीय कायद्यासही अपरिचित नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारास ओसीआय कार्डासाठी अर्ज करण्यापूर्वी विवाह नोंदणीकृत असून सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. मात्र भारतात ही मुदत दर्जा मिळण्यापूर्वीची असते, तर अमेरिकेत दर्जा आधी मिळतो आणि कसोटी नंतर येते.

निष्कर्ष :

१) सशर्त आणि कायम निवास यांतील भेद हक्कांचा नसून दर्जाच्या स्थैर्याचा आहे.
२) विवाहाचा प्रामाणिक हेतू हाच दोन्ही दर्जांचा आधार असला, तरी सशर्त निवासी व्यक्तीस तो दुसऱ्यांदा सिद्ध करावा लागतो.
३) सहीच्या अटीमुळे नागरिक जोडीदाराच्या हाती येणारे सामर्थ्य १९९० च्या दुरुस्तीने मर्यादित केले आहे, परंतु त्या दुरुस्तीचा उपयोग माहिती असणाऱ्यासच होतो.

त्यामुळे विवाहापूर्वी पत्रिका, शिक्षण व वेतन यांची चौकशी करणाऱ्या कुटुंबांनी मुलीला मिळणारा दर्जा, त्याची मुदत आणि स्वतःच्या नावाची कागदपत्रे यांचीही माहिती तिला देणे आवश्यक आहे. परदेशी विवाहित होऊन जाणाऱ्या विद्यार्थिनींशी महाविद्यालयांचा संबंध येतो. म्हणून समुपदेशनात या विषयाचा समावेश करणे उचित ठरेल.