रातांब्याची बी उकिरड्यावर नको, पोत्यात भरा



रातांबे फोडायचं काम सगळीकडे जोरात आहे. सोलं आणि आगळ आपण जपतो, बी मात्र परड्यात ढीग करून ठेवतो. ह्या बीतलं कोकमतेल (भिरंडेल) आता क्रीम, लिप बाम, साबण करणारे घेतात. कारण साधं आहे. हे तेल घट्ट असतं, वडी बनते, आणि साधारण ३८ ते ४० अंशाला वितळतं. म्हणजे कातडीवर चोळलं की हळूहळू मुरतं. टाचेच्या भेगांना आजी हेच लावायची, नवीन काही नाही.

वाळलेल्या बीत साधारण २३ ते २६ टक्के तेल असतं. पण क्रीमवाला आधी तेलाची आम्लता तपासतो, मग रंग आणि वास. आम्लता वाढते ती ओल्या ढिगात. बी दमट राहिली की आतलं तेल फुटायला लागतं, वर बुरशी धरते. असं तेल काळपट निघतं, त्याला खवट वास येतो. ते साबणात खपेल, पण क्रीमला नाही, आणि दरातला फरक तिथेच पडतो.

म्हणून रस गाळला की त्याच दिवशी बी गोड्या पाण्यात चोळून धुवा. गर आणि मीठ दोन्ही गेलं पाहिजे, कारण खारट बी हवेतली ओल ओढते. मग ताडपत्रीवर पातळ पसरा, मातीवर किंवा डांबरी रस्त्यावर नको. दिवसातून दोनदा हलवा, संध्याकाळी आत घ्या. वळवाची एक सर सगळी मेहनत घालवते. बी फोडून बघा: आतला गर कडक तुटला तर वाळली, दबला तर अजून ऊन हवं. गरम बी लगेच भरू नका. गार झाल्यावर तागाच्या पोत्यात भरून फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या गोणीत घाम धरतो.

काही ताई विचारतात, घरीच तेल काढून विकू का? घरच्या वापराला जरूर काढा. पण पाण्यात उकळून काढलेल्या तेलात ओल राहते, प्रत्येक घाण्याचा रंग वेगळा येतो, क्रीमवाले ते नाकारतात. शिवाय क्रीम-बाम बनवून विकायला सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो.

गेल्या वर्षीची बी उरली असेल तर ती वेगळ्या पोत्यात आणा. नव्यात मिसळली तर अख्खा लॉट खालच्या प्रतीत जातो.

– कृषी सल्लागार, आपली कंपनी