अभिप्राय कागदावर की ऑनलाइन?

अध्यापनाविषयी विद्यार्थ्यांचा अभिप्राय कागदावर घ्यावा की ऑनलाइन? ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाचे डंकन नल्टी यांनी २००८ मध्ये विविध सर्वेक्षणांचे आकडे एकत्र मांडले. कागदी प्रश्नावलीला सरासरी ५६ टक्के, तर ऑनलाइन प्रश्नावलीला अवघा ३३ टक्के प्रतिसाद आढळला. कारण उघड आहे. कागद वर्गातच वाटून तिथेच परत घेतला जातो. ई-मेलवरील प्रश्नावली ‘नंतर पाहू’ म्हणून राहून जाते. अर्थात, कागदावर गैरहजरांचे मत उमटत नाही आणि हस्ताक्षर ओळखले जाण्याची धास्ती असतेच. मात्र खरी मेख वर्गाच्या आकारात आहे. शेकडोंच्या वर्गात एक तृतीयांश उत्तरे पुरेशी ठरू शकतात. वीस जणांच्या वर्गात, नल्टी यांच्या सैल निकषांनुसारही, निम्म्याहून अधिक हवीत. तेथे सहा-सात उत्तरांवरून प्राध्यापकाची बढती ठरवणे अन्यायाचेच होय.