दुर्गम कोणाला?

सोलापूरच्या सात रस्त्यावर एक वाट अडली, तरी नावाप्रमाणे सहा उरतात. रोमन लोकांना तर तीन वाटांचेही अप्रूप नव्हते. तीन वाटा मिळतात तो 'ट्रिव्हियम', आणि तिथे सहज भेटणारे, कोणाचेही असे ते 'ट्रिव्हियल'. (सातांचे काय केले असते कोण जाणे!) यातल्या 'व्हिया'चा अर्थ वाट. वाट अडल्याचे सांगणारे एक इंग्रजी विशेषणही त्यातूनच आले : 'इम्पर्व्हियस'. 'इन्' नकाराचा, 'पर्' आरपारचा. म्हणजे ज्यातून पलीकडे वाट नाही ते. ओव्हिडने 'मेटामॉर्फोसिस'च्या नवव्या सर्गात हे विशेषण लावले आहे ते पुराने फुगलेल्या नदीला. आजच्या इंग्रजीत मात्र ते पाणी न झिरपणाऱ्या थराला लागते, नाहीतर टीका अंगाला लावून न घेणाऱ्या माणसाला. शब्दातली वाट बुजली.

आपला 'दुर्गम' याच्या जवळचा, पण घडण निराळी. 'दुस्'मध्ये नकार नाही, कष्ट आहे. जाताच येत नाही ते अगम्य. जाताना दमछाक होते ते दुर्गम. 'दुर्ग'ही त्याच घडणीचा, म्हणून त्याला डोंगर लागतोच असे नाही. कौटिल्याने पर्वताबरोबर पाणी, वाळवंट आणि अरण्य यांच्या आधाराचेही दुर्ग सांगितले आहेत. सोलापूरचा भुईकोट सपाटीवरच आहे. त्याला अवघड केले ते खंदकाने आणि शेजारच्या सिद्धेश्वर तलावाने. शिवकालीन 'राजव्यवहारकोशा'त तर दुर्गवर्ग स्वतंत्रच आहे. दुर्गमता हा तेव्हा गुण होता. पैसा ओतून, दगड रचून मिळवायचा. आणि ती असे शत्रूला, आतल्याला नव्हे.

आज हा शब्द गावांना लागतो. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला, पुलावरून पाणी गेले, की भामरागडची वाट बंद होते; ओव्हिडची नदीच ती. 'दुर्गम भागाचा संपर्क तुटला' हे बातमीतले ठरलेले वाक्य. पण तिथल्या माडिया माणसाला स्वतःचे घर दुर्गम कसे असेल? 'गम्' धातूला जाणारा कोणीतरी लागतो, आणि इथे तो शहरातून निघालेला धरला आहे. आजाऱ्याला बाजेवर घालून ओढे ओलांडणाऱ्यांच्या बाजूने मोजले, तर दुर्गम आहे तो दवाखाना. सरकारी यादीत विशेषण लागते ते गावालाच.