मुसळांचा कार्निव्हल

कार्निव्हल म्हटले की रिओ किंवा त्रिनिदादची चित्रे डोळ्यांपुढे येतात. तो आपल्या तालुक्याच्या शेजारीही होतो, याचे स्मरण मध्यंतरी लोंढ्याहून नातवाला लसीकरणासाठी घेऊन आलेल्या एका ख्रिस्ती आजींनी करून दिले. पुढच्या डोसची तारीख ऐकताच त्या म्हणाल्या, "तेन्ना नाका, दोतोर. तेन्ना इंत्रूज. आम्ही चांदरला माहेरी जाणार." मी तारीख आठवडाभर पुढे ढकलली.

'इंत्रूज' हा शब्द कित्येक वर्षांनी कानी पडला आणि विद्यार्थिदशेतील एक संध्याकाळ लख्ख आठवली. एका गोमंतकीय सहाध्यायाबरोबर मीटरगेजच्या गाडीने, दूधसागर ओलांडून, मी याच चांदरला गेलो होतो. तेथे चित्ररथ नव्हते, राजा मोमो नव्हता. धोतर नेसलेले, पागोटे बांधलेले, पायांत घुंगरू घातलेले ख्रिस्ती पुरुष हातांत मुसळे घेऊन निघाले आणि घुमटाच्या तालावर ती भुईवर आपटू लागले. हाच तो मुसळखेळ. धर्म बदलला, तरी मुसळ हातचे सुटले नव्हते!

चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची आधीची राजधानी. त्याच कदंबांचे आपल्या तालुक्यातील हलशी हे दुसरे महत्त्वाचे ठाणे; तेथील भूवराह-नरसिंहाचे मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा त्या अंगणात मी अगदीच परका नव्हतो, हे आज ध्यानी येते.

त्रिनिदादची कथाही निराळी नाही. फ्रेंच मळेवाल्यांचा हा उत्सव १८३४ नंतर दास्यमुक्त आफ्रिकी लोकांनी आपलासा केला. इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात त्यांच्या ढोलांवर निर्बंध घातले. त्यांनी बांबू भुईवर आपटून ताल धरला. पुढे तेलाच्या रिकाम्या पिंपांतून स्टीलपॅन हे वाद्य घडले. मुसळ काय, पिंप काय, दोन्ही कष्टकऱ्यांच्या हाताखालच्या वस्तू.

पणजीची चित्ररथांची मिरवणूक मात्र गोवामुक्तीनंतरची, १९६५ च्या सुमाराची. तिला मी नावे ठेवत नाही. मुले तेथे रमतात. परंतु जाहिरातींच्या फलकांआडून इंत्रूज शोधावा लागतो.

राखेच्या बुधवारापूर्वी, चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या तोंडावर हे दिवस येतात. चांदर स्थानक लोंढा-मडगाव मार्गावरच आहे. मुलांना अवश्य न्यावे. कानठळ्या बसवणारे ध्वनिवर्धक तेथे नव्हते. निदान तेव्हा तरी.